पाहुणा आला खडकातून

रात्री दोनच्या सुमारास दिवाणखान्यातून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’. आधी आम्हांला वाटले, एसी कुरकुरत असेल. या देशात तो वर्षातले आठ-नऊ महिने कुरकुरतच असतो. पण आवाज कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीतून येत होता. विजेरी घेऊन गेलो आणि खडकाच्या कपारीवर उजेड टाकला. पाहतो तो काय, सुपारीएवढा एक खेकडा आमच्या गोगलगायीचा शंख दोन्ही नांग्यांत धरून उलटासुलटा करतो आहे आणि तो शंख काचेवर आपटतो आहे! उजेड पडताच त्याने शंख टाकला, आमच्याकडे रोखून पाहिले आणि आडवा-आडवा चालत तो कपारीत नाहीसा झाला.

त्या टाकीत आम्ही चार मासे सोडले होते, सहा गोगलगायी सोडल्या होत्या आणि प्रवाळांचे पाच तुकडे लावले होते. खेकडा आम्ही आणला नव्हता, मागितला नव्हता आणि त्याचे पैसेही दिले नव्हते. तरी तो होता. शिवाय सहा गोगलगायींपैकी दोघींचे रिकामे शंख खाली वाळूत पडले होते.

सकाळी चहाच्या वेळी घरात सभा भरली. आमच्या सौभाग्यवतींचे मत लगेच पडले. “अहो, आजच्या आज त्याला खाडीत सोडून या. जीव आहे, मारायचा कशाला?” ज्या दुकानातून खडक घेतला होता तेथे फोन केला, तर पलीकडून तितक्याच सहजपणे सल्ला मिळाला, “सुरीने भोसकून टाका, साहेब. सगळे तेच करतात.” शेजारचे मालवणी गृहस्थ किल्ली द्यायला आले होते. त्यांनी टाकीत डोकावून पाहिले आणि निराशेने मान हलवली. “येवढीशी कुर्ली! हिचा सारसुदा होवचा नाय.” आठवीतली आमची कन्या तेवढी गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, पण तो आला कुठून?”

वाचकहो, आम्ही नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले, की तिघांनी निकाल दिला होता आणि प्रश्न एकटीनेच विचारला होता. आमचा आजचा लेख त्या प्रश्नावरच आहे. दुबई, शारजा, अबू धाबीच्या सदनिकांत प्रवाळांच्या टाक्या ठेवणारी आपली कुटुंबे आता आहेत. त्यांच्यापैकी अनेकांवर हा प्रसंग आज ना उद्या येतो, आणि निकाल आधी व चौकशी मागून, अशीच बहुतेकांची रीत असते. आमचीही तीच होती.

या छंदात नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. गोड्या पाण्यात ‘गोल्डफिश’ पाळणे वेगळे आणि समुद्रातल्या प्रवाळांची टाकी राखणे वेगळे. दुसरीला खारे पाणी लागते, तेही स्वयंपाकघरातल्या मिठाचे चालत नाही. खास सागरी मीठ घालून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार होतील असे ते बनवावे लागते. पाण्याचे तापमान २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते, म्हणून या देशात चिलर नावाचे पाणी थंड करणारे यंत्र बसवल्यावाचून गत्यंतर नसते. आणि पाणी शुद्ध राखण्याचे मोठे काम करतो तो खडक. व्यापारात त्याला ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत खडक म्हणतात. खडक स्वतः जिवंत नसतो. तो मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा. पण त्याच्या असंख्य छिद्रांत सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खडकाच्या पोटात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथले जिवाणू त्या नायट्रेटचाही नायट्रोजन वायू करून सोडून देतात.

असा खडक समुद्रातून काढतात, ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळतात, खोक्यांत भरतात आणि विमानाने देशोदेशी पाठवतात. (वाचण्याखेरीज वर्तमानपत्राचा इतका उदात्त उपयोग आमच्या ऐकिवात नव्हता.) खेकड्याच्या कल्ल्यांना ओल मिळत राहिली, की पाण्याबाहेरही तो बराच वेळ तग धरतो. एखाद्या भोकात दडून बसलेला हरभऱ्याएवढा खेकडा त्या ओल्या कागदात हजारो मैलांचा प्रवास करतो, दुकानाच्या हौदातून आपल्या पिशवीत येतो आणि पिशवीतून आपल्या टाकीत. तेथे त्याला खायला मिळते, शत्रू नसतो, म्हणून तो वाढतो. हरभऱ्याची सुपारी होते, तेव्हा आपल्याला त्याचा पत्ता लागतो.

तेव्हा कन्येच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की खेकडा आमच्या घरात आला नव्हता. आम्ही त्याचे घर पैसे मोजून उचलून आणले होते, आणि तो आत होता. त्याला घुसखोर म्हणण्याआधी एवढे तरी आपण ध्यानात घ्यायला हवे.

दुसरा प्रश्न, हा खेकडा कोण? आपल्या भाषेत खेकड्याला नावे कमी नाहीत. मालवणकडे कुर्ली, मुंबईच्या कोळीवाड्यात चिंबोरी, शेताच्या बांधावरचे मुठे. पण ही सगळी नावे आपल्या पातेल्यापर्यंत पोहोचणाऱ्या खेकड्यांची. खडकातून येणारे बारके खेकडे कोणाच्या पातेल्यात जात नाहीत, म्हणून त्यांची ओळखही आपल्याला नसते, आणि सगळे खेकडे सारखेच, असे वाटते. ते तसे नाही.

काही खेकडे प्रवाळांचे वैरी नसून राखणदार असतात. ‘ट्रॅपेझिया’ नावाचे गुळगुळीत पाठीचे लहान खेकडे पोसिलोपोरा जातीच्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळात जोडीने राहतात. प्रवाळ खाऊन फस्त करणारा काटेरी तारामासा जवळ आला, तर हे त्याच्या पायांना चिमटे काढून त्याला परतवून लावतात. पनामाच्या किनाऱ्यावर पीटर ग्लिन या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटाजवळ दुसऱ्या एका प्रयोगात काही प्रवाळांवरून हे खेकडे काढून टाकले, तेव्हा महिन्याभराच्या आत त्यांतले निम्मे किंवा त्याहून अधिक प्रवाळ मेले. खेकडे असलेले सगळे जगले. कारण हे खेकडे प्रवाळावर बसणारा गाळ सतत झाडून काढतात. या प्रयोगाचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आता असा खेकडा दिसला म्हणून कोणी सुरी उगारली, तर घरातला गुरखाच मारल्यासारखे होईल.

दुसरे म्हणजे पोर्सेलिन खेकडे. यांच्या नांग्या चपट्या नि मोठ्या दिसतात, पण त्या भांडणासाठी असतात, खाण्यासाठी नव्हे. तोंडाजवळच्या पिसांसारख्या पंख्यांनी ते पाण्यातले तरंगणारे सूक्ष्म अन्न गाळून खातात. यांना ओळखण्याची सोपी खूण अशी, की नांग्या सोडून चालायचे पाय मोजावेत. खऱ्या खेकड्याला चार जोड्या दिसतात, पोर्सेलिनला तीनच. चौथी जोडी बारीक असून अंगाखाली दुमडलेली असते. तिसरा, कॅरिबियन समुद्रातला हिरवा ‘एमरल्ड’ खेकडा. तो तर लोक मुद्दाम विकत घेतात, कारण टाकीत माजणारे फुग्यांसारखे शेवाळ तो खातो. मात्र उपाशी राहिला, तर इतरत्र तोंड घालतो. हे फक्त खेकड्यांपुरतेच खरे आहे असे नाही.

आणि चौथे म्हणजे आमच्या घरी आलेले महाशय. अंगापायांवर केस, नांग्या जाडजूड आणि त्यांची टोके काळी. हौशी लोक यांना ‘गोरिला खेकडा’ म्हणतात. हे बहुधा झँथिडी या कुळातले किंवा त्याच्या भाऊबंदांतले असतात. जाड, काळ्या टोकांच्या नांग्या शंख-शिंपले फोडायच्या कामाच्या असतात. लहान असेतो ते फारसे नुकसान करीत नाहीत. मोठे झाले, की गोगलगायी, शंखातले खेकडे आणि रात्री झोपलेला एखादा मासाही त्यांना चालतो. येथे आमच्या मालवणी शेजाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यासारख्या सर्व खवय्यांसाठी, एक सूचना गंभीरपणे देतो. या झँथिडी कुळातल्या काही जातींच्या अंगात जीवघेणे विष असते आणि ते शिजवल्याने जात नाही. खडकातून निघालेला अनोळखी खेकडा कितीही मोठा झाला, तरी त्याचा सार करायचा विचार मनात आणू नये.

म्हणजे आमचा खेकडा गुन्हेगार ठरला. गोगलगायी त्यानेच खाल्ल्या, याला आम्ही स्वतः साक्षीदार होतो. पण त्याच आठवड्यात प्रवाळांचे दोन तुकडेही कडेने पांढरे पडू लागले, आणि तोही आरोप आम्ही त्याच्याच नावावर लिहून टाकला. एकदा चोर ठरला, की गावातली प्रत्येक चोरी त्याच्याच माथी मारतात, त्यातलाच प्रकार. खेकडा पकडल्यावर (ते कसे, ते पुढे सांगतो) आम्ही निश्चिंत झालो. तरी प्रवाळ पांढरे पडतच राहिले. शेवटी कन्येने टाकीतल्या तापमापकाकडे बोट दाखवले. दुपारी घरात कोणी नसताना चिलर मध्येच बंद पडत होता आणि पाणी ३० अंशांच्या वर जात होते. यंत्राची जाळी धुळीने बुजली होती. ती साफ करायची राहून गेली होती, आणि राहून गेली होती आमच्याकडून. गोगलगायींचा गुन्हा खेकड्याचा, प्रवाळांचा गुन्हा आमचा, असा अखेर निवाडा झाला.

हे लिहायला आम्हांला संकोच वाटतो, पण लिहितो, कारण घरोघरी हेच घडत असावे. टाकीत काही मेले, की त्या प्रेतावर खेकडा बसलेला दिसतो. तो मेलेले खायला आलेला असतो. मारायला आलेला असतोच असे नाही. पाण्यातले क्षार घसरले, तापमान चढले, खाणे जास्त पडून पाणी नासले, की जीव मरतात. पण पाणी दिसायला स्वच्छच असते आणि खेकडा दिसायला भीतिदायक. मग शिक्षा कोणाला होणार हे सांगायला नको.

आता पकडण्याविषयी. आम्ही आधी चिमटा घेऊन त्याच्यामागे लागलो आणि दोन रात्री वाया घालवल्या. कपारीतला खेकडा चिमट्याने निघत नाही. ओढाताणीत त्याची नांगी तुटते, तो आत मरतो आणि पाणी नासवतो. खरी युक्ती साधी आहे. चहाचा काचेचा सरळ पेला घ्यावा, त्यात कोळंबीचा तुकडा ठेवावा आणि रात्री दिवे मालवल्यावर तो पेला खडकाला तिरका टेकवून ठेवावा. वासाने खेकडा खडकावरून पेल्याच्या काठावर येतो आणि आत घसरतो. बाहेर चढायला काच गुळगुळीत, पायांना आधार मिळत नाही. पहारा करायचा तर विजेरीवर लाल कागद लावावा; लाल उजेड खेकड्याला फारसा जाणवत नाही. खडकाचा तो तुकडा सुटा असेल, तर तो बाहेर काढून भोकात पिचकारीने साधा सोडा सोडला तरी खेकडा ताडकन बाहेर येतो. सोडा गोड नसावा आणि टाकीत सांडू नये. आमचा पाहुणा पेल्यात सापडला तो चौथ्या रात्री.

त्याला पेल्यात धडपडताना पाहून आपली ती जुनी गोष्ट आठवली. खेकड्यांच्या टोपलीला म्हणे झाकण लागत नाही, कारण एक वर चढला, की दुसरे त्याचे पाय ओढतात. आणि मराठी माणसेही तशीच. ही गोष्ट आपण इतक्या मेजवान्यांत, इतक्या भाषणांत ऐकली आहे, की ती आता आपणच आपल्याविषयी हौसेने सांगतो. पण आमच्या पेल्यात खेकडा एकच होता. त्याचे पाय ओढायला दुसरा कोणी नव्हता. तरी तो वर चढू शकला नाही, कारण काच गुळगुळीत होती. परक्या मुलखात वर चढता न आलेल्या माणसाला नावे ठेवण्यापूर्वी ही काचही एकदा पाहून घ्यावी, असे आम्हांला वाटून गेले. असो.

पेल्यातल्या खेकड्याचे करायचे काय? सौभाग्यवतींची खाडीची सूचना दयेपोटी होती. अनेक दयाळू माणसे हेच करतात. पण आमचे मत ठाम आहे, की टाकीतला कोणताही जीव खाडीत, समुद्रात किंवा नाल्यात सोडणे ही दया नव्हे. एक तर आखाताचे पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा बरेच खारट, लिटरला ४० ग्रॅमच्या पुढचे, आणि उन्हाळ्यात कढत. शांत पाण्यात वाढलेला खेकडा तेथे तडफडून मरण्याचीच शक्यता अधिक. आणि समजा तो जगला, तर ते त्याहून वाईट. आपला खडक कुठल्या समुद्रातला हे आपल्याला ठाऊक नसते. त्या खेकड्याबरोबर कोणते परजीवी, कोणते रोग आहेत, हेही ठाऊक नसते.

अशा सोडण्याने काय होते, याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. आपल्या हिंदी महासागर-प्रशांताकडचा लायनफिश फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९८५ मध्ये आढळला. हौशी लोकांच्या टाक्यांतून तो समुद्रात गेला असावा, असे मानतात. आज अमेरिकेचा आग्नेय किनारा आणि सबंध कॅरिबियन समुद्र त्याने व्यापला आहे, आणि तो तेथील लहान मासे फस्त करतो. मत्स्यालयांत शोभेसाठी लावलेले ‘कॉलर्पा’ शेवाळ १९८४ मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर पसरत गेले. खेकडे तर जुने प्रवासी. युरोपातला किनारी खेकडा जहाजांच्या आधाराने अमेरिकेत पोहोचल्याची नोंद १८१७ची आहे. जहाजे तोल राखण्यासाठी जे पाणी भरून नेतात, त्यातून असे जीव जगभर फिरतात, म्हणून २००४ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. एवढ्या मोठ्या जहाजांना जो नियम, तो आपल्या बादलीला का नको?

आणि आखाताबाहेर जाऊन उपद्रव केलेला एक खेकडा तर आपल्या अगदी ओळखीचा आहे. देरा असो की शारजाचा बाजार, निळसर पायांचा जो पोहणारा खेकडा आपण हौसेने आणतो, आणि येथले अरब ज्याला गुबगुब म्हणतात, तो याच समुद्रातला. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला आणि त्या वाटेने हा भूमध्य समुद्रात शिरला. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच तो पोर्ट सैदला पोहोचला होता. २०१४च्या सुमारास तो ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात इतका माजला, की त्याने मच्छीमारांची जाळी फाडली आणि जाळ्यातले मासे खाल्ले. तेथल्या लोकांनी त्याला दहशतवादी टोळीचे नाव दिले. मग काही वर्षांनी त्याच लोकांनी त्याला पकडायचे सापळे केले, प्रक्रियेचे कारखाने निघाले आणि तोच खेकडा परदेशी निर्यात होऊ लागला. एके ठिकाणी मेजवानी, दुसऱ्या ठिकाणी घुसखोर, तिसऱ्या टप्प्यावर रोजगार. प्राणी एकच. मात्र ट्युनिशियाच्या मच्छीमाराला मधली वर्षे फार महागात पडली, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आमच्या मते तीनच वाटा योग्य आहेत. उपयोगी खेकडा असेल, तर त्याला राहू द्यावा. उपद्रवी असेल, तर त्याला वेगळ्या लहान टाकीत किंवा मुख्य टाकीखाली पाणी गाळायचा जो कप्पा असतो त्यात ठेवावा. तेथे तो उरलेसुरले खाऊन सफाईचेच काम करतो. ठेवणे शक्यच नसेल, तर कोणा जाणत्या हौशी माणसाला किंवा दुकानदाराला द्यावा. समुद्र ही चौथी वाट नव्हे.

पण खेकड्याचा प्रश्न सुटला, तरी खडकाचा उरतो, आणि तो अधिक मोठा आहे. पेटीतून खेकडा निघाला याचा अर्थ हा खडक काल-परवापर्यंत कुठल्या तरी जिवंत समुद्राचा भाग होता. कठीण प्रवाळ, आणि त्यांत मोडणारा हा जिवंत खडकही, ‘सायटिस’ या १९७५ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय तो एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. आपण येथे राहणारी माणसे कागदपत्रांची किंमत चांगली जाणतो. व्हिसाची तारीख एक दिवस टळली, तर झोप उडते. मग खडक घेताना त्याचे कागद कुठले, एवढे विचारायला जीभ का अडावी? आम्ही विचारले नव्हते. आता विचारतो.

सुट्टीच्या दिवशी आपली कितीतरी कुटुंबे खोर फक्कान, दिब्बा, फुजैराच्या किनाऱ्यावर जातात. पाण्यात मुले खेळतात, आणि परतताना गाडीच्या डिकीत ‘टाकीसाठी छान’ म्हणून एखादा खडक येतो. या देशाच्या १९९९च्या सागरी संपत्तीविषयक कायद्याने प्रवाळ परवानगीशिवाय काढता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला, तरी त्या किनाऱ्याने काय सोसले आहे ते पाहा. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळाने तेथील प्रवाळ मोडले. २००८-०९ मध्ये महिनोन् महिने राहिलेल्या लाल शेवाळाच्या लाटेने उरलेल्यांतले पुष्कळ मारले. पश्चिमेकडे अबू धाबीच्या बाजूला २०१७च्या उन्हाळ्यात पाणी इतके तापले, की बहुतेक प्रवाळ पांढरे पडले आणि त्यांतला मोठा भाग मेला. आणि आखातातले हे प्रवाळ काही नाजूक नव्हेत. उन्हाळ्यात ३४-३५ अंश आणि हिवाळ्यात २०च्या खाली, असे दोन्ही सोसणारे जगात दुसरे क्वचितच सापडतील. अशा सोशिक जिवाच्या अंगणातून आपण दगड उचलू नये.

सुट्टीला किंवा कायमचे गावी निघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. शोभेचा प्रवाळाचा तुकडा बॅगेत घालून भारतात नेऊ नये. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांना वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे. आमच्या शेजाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ लहानपणी असले कितीतरी पाहिले, तेव्हा कोणी काही बोलत नव्हते. तेव्हा नसेलही; पण मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले त्यालाही १९८७ पासून इतकी वर्षे लोटली.

नव्याने टाकी मांडणाऱ्यांना आमचा सल्ला एवढाच. समुद्रातला ओला खडक घेण्याऐवजी कोरडा किंवा कृत्रिम खडक घ्या. त्यात जिवाणू रुजायला काही आठवडे, कधी महिने अधिक लागतात. तेवढा धीर धरा. ओला खडक घेतलाच, तर तो सरळ टाकीत न ठेवता महिनाभर वेगळ्या बादलीत, फिरत्या खाऱ्या पाण्यात ठेवा आणि रात्री विजेरीने पाहत राहा. जो यायचा तो पाहुणा तेथेच भेटेल. आणि दुकानदारांना विनंती अशी, की हे महिनाभराचे काम खरे तर तुमचे आहे. ‘सुरीने भोसकून टाका’ हा सल्ला विक्रीनंतरच्या सेवेत मोडत नाही.

आमचा खेकडा सध्या टाकीखालच्या कप्प्यात राहतो. मध्यंतरी एका सकाळी तो पाय पसरून निपचित पडलेला दिसला. कन्या रडवेली झाली. हात लावला तर ते रिकामे कवच. कात टाकून महाशय मागच्या दगडाआड मऊ अंगाने लपून बसले होते, पहिल्यापेक्षा थोडे मोठे होऊन. चिलरची जाळी आता दर शुक्रवारी साफ होते. पांढऱ्या पडलेल्या दोन प्रवाळांपैकी एकाला पुन्हा रंग येतो आहे. दुसरा गेला.

यंदाच्या सुट्टीत आम्ही महिनाभर गावी जाणार आहोत. घराची किल्ली नेहमीप्रमाणे शेजाऱ्यांकडे राहील. त्यांच्यासाठी कन्येने यादी लिहून दारावर चिकटवली आहे: माशांना रोज चिमूटभर, चिलरचा आकडा सकाळ-संध्याकाळ पाहणे, खेकड्याला तीन दिवसांतून एकदा कोळंबीचा तुकडा. शेजाऱ्यांनी यादी चष्मा लावून वाचली, कप्प्यात वाकून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “कोळंबी सोलून देऊची, की सालासकट?”